लुईस-हॅरिसची दिवसभराची फेरी: विणकराच्या मागासाठी जा, बाकीचं वरकड

स्कॉटलंडमधल्या स्टॉर्नोवे बंदरातून सकाळी निघून लुईस आणि हॅरिस एका दिवसात दाखवून आणणारी मिनीबस असते, तिच्याबद्दल लिहितेय. पाचातले चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी भूगोल उरकते. लुईस आणि हॅरिस ही नावं दोन, पण जमीन एकच. स्कॉटलंडच्या वायव्येला, आउटर हेब्रिडीज बेटांत. उत्तरेकडचा सपाट, दलदलीचा भाग म्हणजे लुईस आणि दक्षिणेकडचा डोंगराळ भाग म्हणजे हॅरिस. मुख्य भूमीवरच्या उलापूल बंदरातून बोट पकडायची, अडीच-पावणेतीन तासांत स्टॉर्नोवे. मधल्या समुद्राला मिंच म्हणतात आणि तो शांत असेलच याची हमी कुणी देत नाही. सूनबाईंनी आधीच गोळी घ्यायला लावली होती, म्हणून माझं निभावलं. आमचे हे मात्र "मला काही होत नाही" म्हणाले आणि अर्धा प्रवास कागदी पिशवी हातात धरून बसले.

मुलगा-सून ग्लासगोला असतात. तिकडे गेलं की किल्ले आणि तळी बघणं ठरलेलंच. या खेपेला मीच हट्ट धरला, मला तो ट्वीडचा, म्हणजे तिथल्या जाड लोकरी कापडाचा, माग बघायचाय. इचलकरंजीत आमचे आठ यंत्रमाग होते. सासऱ्यांनी सुरू केले, ह्यांनी चालवले. कांड्या (आडव्या सुताच्या नळ्या) भरण्यापासून मजुरीच्या हिशेबापर्यंत मी सगळं केलंय. तेव्हा हे परीक्षण जरा एका बाजूला झुकलेलं असणार, ते समजून घ्या.

गाडी सुटते बंदरासमोरून. पलीकडच्या काठावर झाडीत लूज कॅसल दिसतो. आदल्या संध्याकाळी तिथलं म्युझियम बघून घ्या, या सहलीत ते धरलेलं नाही. १८३१ मध्ये याच बेटावरच्या ऊइग भागात वाळूत वॉलरसच्या दाताच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या सापडल्या, बाराव्या शतकातल्या. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही एडिंबराला, आणि त्यातल्या सहा इथे मांडल्यात. एक वजीर गालावर हात ठेवून अशी बसलीय, जणू महिनाअखेरीचा हिशेब जुळत नाहीये. (हो, त्यांच्याकडे वजीर बाई असते.)

या लूज कॅसलच्या वाड्याबद्दल ड्रायव्हरनं जे सांगितलं ते ऐकून मात्र मी सरसावून बसले. जेम्स मॅथेसन नावाच्या माणसानं १८४४ मध्ये हे अख्खं लुईस विकत घेतलं आणि हा वाडा बांधला. पैसा कुठला? चीनला अफू विकून. जार्डिन मॅथेसन कंपनीतला तो मॅथेसन. ती अफू बरीचशी माळव्याची, मुंबई बंदरातून जाणारी, आणि मुंबईतले त्यांचे मोठे भागीदार सर जमशेटजी जीजीभॉय. इथे वाडा उभा राहत होता त्याच सुमाराला, १८४५ मध्ये, तिकडे भायखळ्याला जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. मुलगा म्हणाला, "आई, तुला इथेही मुंबई सापडलीच." सापडली खरी. ड्रायव्हरला जीजीभॉय माहीत नव्हते, त्यांना मी सांगितलं. फेरीत त्यांचीही तेवढी भर.

पहिला थांबा कॅलॅनिश. पाच हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगड: मध्ये साधारण पावणेपाच मीटर उंचीचा एक, त्याच्याभोवती तेरांचं वर्तुळ, आणि चारी बाजूंना दगडांच्या रांगा गेलेल्या. कित्येक शतकं हे सगळं पीटमध्ये, म्हणजे दलदलीत साचत गेलेल्या कुजक्या वनस्पतींच्या थरात, कमरेच्या वर बुडालेलं होतं. १८५७ मध्ये मॅथेसननंच तो थर काढवला. दगडाची जात 'नाईस' नावाची, त्यातला काही तीनशे कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे इथल्या मानानं कालचं पोर. जवळ जाऊन बघा, दगडाच्या अंगावर राखाडी-पांढऱ्या-गुलाबी रेघा लाकडाच्या फळीसारख्या धावतात. दर साडेअठरा वर्षांनी चंद्र दक्षिणेच्या डोंगररांगेला घासून अगदी खालून जातो आणि दगडांची मांडणी त्याच्याशी जुळते, असं सांगतात. ते मी काही पाहिलेलं नाही. वारा मात्र पाहिला. शाल डोक्यावर राहत नाही, पदराचं तर नावच सोडा. सलवार-कमीज आणि वर चेन लावायचं जाकीट, हाच शहाणपणाचा वेष.

पुढे डन कार्लोवेचा दुहेरी भिंतींचा दगडी बुरूज. दोन हजार वर्षांचा, अर्धा पडलेला, उरलेला अर्धा सुमारे नऊ मीटर उभा. दहा मिनिटांत बघून होतो. गुडघे दुखत असतील तर गाडीतून बघितलात तरी चालेल.

गिअरनन मात्र सोडू नका. समुद्राकडे उतरणारी काळ्या घरांची वाडी. भिंती दगडाच्या, चुना नाही, दोन थरांमध्ये माती ठासलेली. वर गवताचं छप्पर, आणि ते वाऱ्यानं उडू नये म्हणून दोरांना दगड बांधून खाली सोडलेले. चूल घराच्या मधोमध, धुराडं नाही. धूर छपरातूनच वाट काढायचा, आणि काजळी बसलेलं ते जुनं छप्पर नंतर शेतात खत म्हणून जायचं. एकाच छपराखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जनावरं. शेवटची माणसं १९७४ मध्ये इथून उठली. म्हातारी झाली होती, दरवर्षी छप्पर शाकारणं होईना. पुढे गावच्या ट्रस्टनं घरं नीट केली. एका घरात हॅटरस्ली कंपनीचा जुना माग ठेवलाय आणि तो चालवून दाखवतात. आमचे हे दारातूनच आवाज ऐकून थबकले. "शटल मागाचाच आवाज आहे," म्हणाले. आवाज तोच, चाल मात्र जरा संथ.

जेवणाबद्दल थोडं. वाटेतल्या कॅफेत सूप आणि स्कोन मिळतं. मसुराचं सूप बरं होतं, मिरपूड स्वतःची बाळगा. स्टॉर्नोवेचं ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्ताचं सॉसेज, नावाजलेलं आहे. २०१३ पासून त्याला भौगोलिक संरक्षण आहे, दुसरीकडे केलेल्याला ते नाव लावता येत नाही. आमच्याकडच्या रक्तीत ओट घालून वडी थापली तर जसं लागेल तसं. ह्यांनी दोन चकत्या खाल्ल्या आणि "कांदा-लसूण कमी पडला" असा निकाल दिला. येतानाच्या बोटीचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

दुपारी गाडी दक्षिणेला वळते. लुईस संपून हॅरिस सुरू झालं की डोंगर एकदम अंगावर येतात. क्लिशम हे इथलं सगळ्यात उंच शिखर, ७९९ मीटर. कळसूबाईच्या निम्मंच, पण थेट समुद्रातूनच उठल्यामुळे दिसतं मोठं. टार्बर्ट गाव ओलांडून आम्ही एका विणकराच्या शेडवर पोचलो. घराला लागून पत्र्याची लहान शेड, दाराशी रिकाम्या कोनांचं खोकं, आत एक खिडकी आणि एक माग. आला तो तेलाचा आणि लोकरीचा वास.

इथे थांबून कायदा सांगायला हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेनं हॅरिस ट्वीडसाठी स्वतंत्र कायदा केला. लोकर शुद्ध आणि नवी हवी. रंगवणं, कातणं आणि शेवटचं धुणं-घोटणं आउटर हेब्रिडीजमध्येच झालं पाहिजे. आणि विणकराने ते आपल्या घरी, हाताने विणलं पाहिजे. घरी. गिरणीत विणलेलं कापड, मग ते कितीही चांगलं असो, हॅरिस ट्वीड नाही. मागाला मोटर नाही. पाय चालतात, पायांनी चालणाऱ्या मागाला हातमाग धरतात. मेंढी बेटावरचीच पाहिजे अशी अट नाही, लोकर बहुतेक बाहेरून येते. पण रंगवून, कातून, विणून ती बेटावरच ट्वीड होते.

विणकर पन्नाशीचा, कमी बोलणारा. मेंढ्या आणि थोडी जमीन सांभाळून हा उद्योग करतो. माग जुना हॅटरस्ली, यॉर्कशायरच्या कीथलीत घडलेला. पहिल्या महायुद्धानंतर हे माग बेटावर आले. आता ते कुणी बनवत नाही. एक मोडायचा आणि त्याचे भाग दुसऱ्याला लावायचे. तो बाकावर बसला आणि दोन पावड्या आळीपाळीनं दाबायला लागला. बस्स, बाकी सगळं त्या दोन पायांवर. वई उभे धागे उचलतात, धोटा (शटल) आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जातो, फणी तो ठोकून बसवते, कापड गुंडाळलं जातं. बाजूला फिरती पेटी, तिच्यात वेगवेगळ्या रंगांचे धोटे; कोणता धोटा कधी जायचा हे साखळीवर ठरलेलं. मध्येच आडवा धागा तुटला. त्यानं पाय थांबवले, मागाची चाल हातानं एक पाऊल मागे घेऊन तुटलेली जागा शोधली, कांडी बदलली आणि पुन्हा सुरू. मागाचं पाऊल हातानं मागे घ्यायची ती सवय मी आमच्या सगळ्या कामगारांत पाहिलीय.

रंगाची गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. लांबून कापड तपकिरी. विणकरानं एक धागा तोडून तळहातावर ठेवला आणि पीळ सोडला, तर आत हिरवं, केशरी, जांभळं, थोडं पिवळं. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांचे पुंजके तोलून एकत्र पिंजतात आणि मग कातात. आपण सूत रंगवतो, हे तंतूच रंगवतात. पूर्वी खडकावरची दगडफुलासारखी एक जात खरवडून, उकळून तांबूस तपकिरी रंग काढायचे. तिला क्रॉटल म्हणतात. लोकरीत वासही तिचाच राहायचा म्हणे. विणून झालेलं कापड बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत, शिळ्या मुतात भिजवून आपटायच्या, म्हणजे ते दाट व्हायचं. आता ते काम गिरणी करते, साबणानं.

सूनबाई मध्ये बसून बोलणं इकडून तिकडे करत होती. मी विचारलं, सूत कुणाचं? म्हणाला, गिरणीचं. बीम (उभ्या सुताचा रूळ) भरून गिरणीची गाडी आणते, मी सांधतो, विणतो, तेलकट तागा घराबाहेर ठेवतो, गाडी घेऊन जाते, मजुरी मिळते. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. हे तर आमचे खर्चीवाले! व्यापाऱ्याचं सूत, आपला माग, पिकावर, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. इथेही दुसरी जात आहे: गिरणीकडून सूत विकत घेऊन, आपलं डिझाइन विणून, आपल्या शेडमध्येच विकणारे. तो दोन्ही करतो. गिरणीचं काम आलं की ते, नसलं की स्वतःचं.

ह्यांच्या खिशात पीक मोजायची घडीची पितळी काच असते. माग गेले, काच राहिली. त्यांनी न विचारता ती कापडावर ठेवली आणि मोजायला लागले. सूनबाईला संकोच वाटला. विणकर मात्र उठून शेजारी येऊन उभा राहिला, आणि खिडकीतल्या डब्यातून आपली काच काढून दाखवली. पीक इंचाला विशीच्या आसपास भरले. आमच्याकडे बावन्न पिकांवर मजुरीचे दर ठरायचे, म्हणजे हे अगदीच विरळ, असं ह्यांचं आधी मत झालं. मग धुऊन-घोटून आलेला तयार तागा हातात दिल्यावर गप्प बसले. कापड आटतं, लोकर फुगते आणि विणीतली भोकं बुजून जातात. वारा आत येईल कसा?

आमचे आठही माग भंगारात गेले, किलोवर. मोठे आधुनिक माग आले, विजेचे दर वाढले, मुलं शिकून बाहेर पडली. त्यामुळे इथे मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर हे: यांचाही धंदा बुडत होता. १९६६ मध्ये ७६ लाख यार्ड कापड निघालं, ते शिखर. पुढे मागणी घसरतच गेली. २००६ मध्ये स्टॉर्नोवेची मोठी गिरणी बाहेरच्या एका मालकानं घेतली आणि हजारो डिझाइन्सवरून चारवर आणली. विणकरांचे माग थांबले. बेटावरच्या शॉबोस्ट गावची बंद पडलेली गिरणी पुन्हा सुरू झाली म्हणून धंदा तगला. पण तगायला काहीतरी उरलं होतं ते त्या कायद्यामुळे. 'घरी' हा एक शब्द कायद्यात नसता, तर त्या मालकानं सगळे माग एका छपराखाली, किंवा एखाद्या स्वस्त देशात, नेले नसते कशावरून? आपल्याकडेही काही वस्त्रांना भौगोलिक मानांकन आहे, पैठणीला आहे. पण येवल्याबाहेरच्या यंत्रमागावरची 'पैठणी' कुठल्याही लग्नसराईत मिळते. इथे प्रत्येक ताग्याची तपासणी होते आणि कापडाच्या पाठीवर गोल आणि वर क्रूस असा ऑर्बचा शिक्का मारतात. तो शिक्का शंभरावर वर्षं जुना आहे आणि तो नसेल तर कापड नुसतं ट्वीड.

हे सगळं जेमतेम पंचवीस मिनिटांत. ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागले आणि माझा एक गुण तिथेच कापला गेला. विणकर बीम सांधून दाखवतो म्हणत होता, शेकडो धागे एकेक करून जुन्या टोकांना गाठायचे ते काम. ते राहून गेलं.

आणि तिथला वेळ वाचवून गेलो कुठे, तर लस्केंटायरच्या पुळणीवर, दीड तास! पुळण सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. वाळू पांढरी, पाणी असं हिरवं-निळं की फोटोत कुणाला स्कॉटलंड वाटणार नाही, समोर टॅरन्से बेट. मागे माखर, म्हणजे शिंपल्यांच्या वाळूवरची गवताची पट्टी, उन्हाळ्यात रानफुलांनी भरलेली. पण बोटं गारठतात आणि बसायला काही नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला वाळूवर अर्धा तास पुष्कळ.

ड्रायव्हरनं तिथे सांगितलेली गोष्ट मात्र त्या पुळणीपेक्षा भारी होती. ही सुपीक बाजू जमीनदारांनी मेंढ्यांसाठी मोकळी करून घेतली आणि माणसांना पूर्वेच्या खडकाळ किनाऱ्यावर हाकललं. तिथे माती इतकी थोडी की बटाट्यासाठी खडकावर समुद्रशेवाळ आणि पीट वाहून आणून वाफे रचावे लागत. मेलेलं माणूस पुरायलाही पुरेशी खोल माती नाही. मग प्रेत खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून याच पश्चिम बाजूला आणायचे. ती वाट अजून आहे, तिला कॉफिन रोडच म्हणतात. हॅरिस ट्वीडचा धंदा वाढला तोही याच हलाखीतून: १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, आणि जमीनदारीण लेडी डनमोर हिनं इथल्या बायकांनी विणलेलं कापड आपल्या श्रीमंत मंडळींत खपवायला सुरुवात केली. परतताना पूर्व किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यानं आणतात, ते वाफे खिडकीतून अजून दिसतात. उजव्या बाजूला बसाल तर बरं.

आता खरेदी. दुकानांतून ट्वीडच्या चिमुकल्या पाकिटांचे, की-चेनचे ढीग असतात. त्यात पैसे घालू नका. जाकीट घेत असाल तर एक लक्षात ठेवा: ऑर्बचं लेबल कापडाची हमी देतं, शिलाईची नाही. कापड बेटावरचं आणि शिवलेलं जगात कुठेही, असं होऊ शकतं. त्यापेक्षा विणकराकडून मीटरवर कापड घ्या. जुन्या मागाचं कापड पाऊण मीटर पन्ह्याचं असतं आणि नव्या दुहेरी मागाचं दीड मीटर. दर विचारताना पन्हा आधी विचारा, नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग पडतं. मी ह्यांच्या कोटापुरतं घेतलं, हिरवट राखाडी. आमच्या शिंप्यानं कात्री लावण्याआधी पुन्हा पुन्हा विचारलं, "काकू, हे घोंगडं नाही ना?" मी म्हटलं, बिनधास्त काप.

तिकीट माणशी शंभर पौंडांच्या थोडं आत. चौघं असाल तर भाड्याची गाडी स्वस्त पडेल, पण एकेरी रस्ते, मध्ये ठाण मांडलेल्या मेंढ्या आणि समोरच्याला वाट द्यायच्या त्या जागा बघता मी मुलाला चालवू दिलं नसतं. स्वच्छतागृहं थोडी आहेत, मिळेल तिथे जाऊन घ्या. जून-जुलैत जाल तर बारीक चावरे किडे असतात. वारा असला की नाहीसे होतात, तेव्हा वाऱ्याला शिव्या देऊ नका. रविवार टाळा. रविवारची बोट २००९ मध्ये सुरू झाली आणि स्टॉर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट २०२४ पासून रविवारी उघडतं, पण बेटावरचे जुने लोक हा दिवस अजून पाळतात. बरीच दुकानं बंद आणि माग तर नाहीच.

बुक करताना फोनवर एवढं विचारून घ्या: विणकराकडे किती वेळ थांबणार? पाऊण तास म्हणाले तर डोळे मिटून जा. वीस-पंचवीस मिनिटं म्हणाले तर पुळणीतला अर्धा तास तिकडे वळवायला सांगा, आणि नाही म्हणाले तर दुसरी गाडी बघा.